विहिरीजवळचं अंगण, न खणता

"इथं खनाचा न्हाय. पयले मना पुरा, मंग खना काय खनाचा त्यो."

हा आवाज तळमजल्यावरच्या मावशींचा. मी पहिल्या मजल्यावर होतो. तोंडात ब्रश, डोक्यावर पंखा, स्वयंपाकघरात मिक्सर, अशा तिहेरी तटबंदीच्या आत. तरी तो माझ्यापर्यंत पोचला. दहिसरच्या नाक्यावरही तो पोचला असणार आणि तिथे दोन-चार ट्रक घाबरून आपणहून बाजूला लागले असणार, याबद्दल मला आजही शंका नाही. मी पेस्टचा फेस गिळला आणि बनियनवरच खाली धावलो.

खाली जेसीबी. अर्धा गेटच्या आत, अर्धा रस्त्यावर, सोंड वर उचललेली. सोंडेच्या बरोबर खाली जुनं लुगडं अंथरलेलं, लुगड्यावर जवळा वाळत घातलेला आणि जवळ्याच्या मधोमध मावशी मांडी घालून बसलेल्या. ड्रायव्हर इंजिन बंद करून मोबाइल बघत होता. असे देखावे त्याला रोजचेच असावेत. आमचे सेक्रेटरी एका हाताने नाकाला रुमाल लावून उभे होते आणि दुसऱ्या एकाच हाताने नमस्कार करत होते. सेक्रेटरी पाचव्या मजल्यावरचे, गुजराती, आणि इतके कडक शाकाहारी की कांद्याची हातगाडी आली तरी डोळे मिटून घेतात. मावशींशी बोलायचं तर सुक्या जवळ्याच्या वासात शिरायला हवं होतं आणि त्यांचे पाय काही पुढे पडत नव्हते.

"मावशी, आपके ही बाथरूम में सब का पानी आता है ना," ते लांबूनच म्हणत होते. "लाइन टूटी है. खोदेंगे नहीं तो बनेगी कैसे?"

हे मात्र खरं होतं. आमच्या इमारतीची गटाराची लाइन आवाराखालून जाते आणि ती कुठेतरी तुटली होती. सात मजल्यांचं आंघोळीचं, भांड्यांचं आणि ज्याचं नाव घ्यायचं नाही ते सगळं पाणी पुढे जायचं थांबून मावशींच्या मोरीतून वर येत होतं. मी एकदा आत डोकावलो तेव्हा त्यांच्या मोरीत इतकं पाणी होतं की खाडीतली एखादी होडी चुकून आत आली असती तर तिला वळायला जागा मिळाली असती. सगळ्यात जास्त भोगत होत्या त्या मावशी, आणि दुरुस्तीच्या आड बसल्या होत्या त्याही मावशीच.

त्यांचं म्हणणं एकच. लाइन इथून जातच नाही. "माज्या मानसानी सोता उभं रवून भिंतीकडनं नेली. तिकडं खना. इथं काय हाय?"

प्लंबरचं म्हणणं वेगळं होतं. गेटजवळ एक चेंबर, मागे एक चेंबर, दोघांच्या मधली सरळ रेघ विहिरीच्या बाजूने जाते, म्हणजे बरोबर जवळ्याखालून. लाइन कशाला भिंतीला वळसा घालेल? नकाशा बिल्डरकडे होता आणि बिल्डर कुठे होता ते बिल्डरलाच ठाऊक. तासभर हा वाद चालला. शेवटी ड्रायव्हरचं पुढचं काम आलं आणि जेसीबी सोंड खाली घालून, चुकलेल्या हत्तीसारखा मागच्या पावली निघून गेला.

मावशी कोण ते सांगतो. मीरा रोडला सिल्व्हर पार्कच्या बाजूला आमची ही इमारत उभी आहे ती जागा मावशींच्या सासरची. पुढे भाताचं खाचर, मागे मिठागर, त्यापलीकडे खाडी. घरातले पुरुष खाडीत जाळी टाकायचे आणि पावसाळ्यात भात लावायचे. मीरा रोड वाढत वाढत त्यांच्या अंगणापर्यंत आलं, तेव्हा घर पाडलं, जागा बिल्डरला दिली आणि बदल्यात तळमजल्यावरची खोली घेतली. जुन्या घरातलं आता एकच शिल्लक आहे, ती विहीर. तिच्यावर सिमेंटचा स्लॅब टाकलाय आणि स्लॅबवर पाण्याचा पंप. मुंबईतून उठून इथे आलेले आम्ही सगळे तिला 'पंपरूम' म्हणतो. मावशी 'बाव' म्हणतात.

त्या विहिरीच्या उगवतीकडची जागा मावशींची, हे सगळ्या इमारतीला पाठ होतं. तिथे गाडी लावायची नाही, सायकल टेकवायची नाही, होळीची लाकडं रचायची नाहीत. बाराही महिने तिथे काही ना काही वाळत असायचं. जवळा, बोंबील, मिरच्या, आणि काहीच नसेल तेव्हा नुसतं लुगडं. त्यामुळे जेसीबीच्या दिवशी दुपारपर्यंत इमारतीने निकाल लावून टाकला की विहिरीजवळ सोन्याचा हंडा आहे. तिसऱ्या मजल्यावर तो हंडा तांब्याचा होता, पाचव्यावर जाईपर्यंत त्याचे दोन झाले. मी त्यात काही भर घातली नाही. फक्त एक नाग ठेवला, तोही पांढऱ्या मिशांचा.

संध्याकाळी माझी बायको खाली गेली. मोरी तुंबल्यामुळे मावशींचं न्हाणंधुणं आमच्याकडेच चालायचं, त्यामुळे दोघींची ये-जा होती. ती गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा गॅसवर ठेवलेली आमटी आटून गेली होती, ती तिने बघितलीसुद्धा नाही. गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसली. मी विचारलं, हंड्याचं कुठपर्यंत आलं? ती म्हणाली, "गप्प बसा जरा."

मग तिने सांगितलं.

मावशींचं पहिलं मूल, मुलगी. पाचवी पुजून झाली होती. बारशासाठी शेजारच्या घरातून पाळणा मागून आणला होता, धुऊन पुसून ओटीवर ठेवला होता. त्या पाळण्यात ती निजलीच नाही. ताप आला, आणि भाईंदरला डॉक्टरकडे न्यायला बैलगाडी मिळेपर्यंत सगळं संपलं. नाव ठेवायचं राहून गेलं. दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. आणि बाळंतिणीला खोलीबाहेर पडू देत नाहीत. मावशींना खिडकीतून दिसली ती फक्त नवऱ्याची पाठ आणि वरखाली होणारं फावडं, विहिरीच्या उगवतीकडे. आईला पाहू दिलं ते एवढंच. पाळणा दुसऱ्या दिवशी परत गेला.

पुढे मुलगा झाला, तो आता विरारला असतो, सून-नातवंडं आहेत. पण इमारतीचं ठरलं तेव्हा मावशींनी नवऱ्याला एकच अट घातली होती. काय पाहिजे ते घ्या, काय पाहिजे ते द्या, तेवढी जागा हलवायची नाही. काम चालू होतं तेव्हा दोघं जुन्या भाईंदरला मावशींच्या बहिणीकडे राहत होते. नवरा रोज सकाळी साइटवर जायचा, संध्याकाळी परत यायचा, आणि मावशी रोज विचारायच्या. तो रोज तेच सांगायचा, तिथं कोणी हात लावला नाही. गटाराची लाइन आली तेव्हा सांगितलं, मी स्वतः उभं राहून भिंतीकडून वळवली.

नवरा जाऊन आता बरीच वर्षं झाली. विहिरीजवळचं लुगडं रोज अंथरलं जायचं ते याच्यासाठी.

बायको एवढं सांगून उठली आणि आमटीत पाणी घालायला लागली. मला आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीत नाग घालावासा वाटला नाही.

पुढचा रविवार मीटिंगचा. मावशींनी बायकोला बजावलं होतं की हे इमारतीत कुणाला कळता कामा नये. "लोक चुकचुक करतील, आनि मंग तिथंच गारी लावतील," असं त्या म्हणाल्या होत्या. म्हणजे मला विहिरीजवळचं खोदकाम थांबवायचं होतं आणि कारण सांगायचं नव्हतं. असल्या कामाला देवाने मला मुद्दाम घडवलंय. मी खाली पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिलो आणि सुरू झालो. म्हटलं, ही खाडीची जमीन, वर कडक आणि आत शिऱ्यासारखी मऊ. माझ्या ओळखीच्या एका इमारतीत असाच जेसीबी लावला, तर सकाळी पहिला मजला तळमजला झालेला. लोक बाल्कनीतून थेट रस्त्यावर उतरायला लागले आणि लिफ्टवाल्याची नोकरी गेली. म्हटलं, एका ठिकाणी खणलं तर आतून खाडीचं पाणी वर आलं आणि पाण्याबरोबर असा खेकडा आला की त्याने वॉचमनची खुर्ची नेली, वॉचमनसकट.

"भाई, आप फेंकते बहुत अच्छा हो," सेक्रेटरी म्हणाले. "पर लाइन का क्या?"

इथे मात्र माझ्याकडे खरी गोष्ट होती. अंधेरीला आमच्या ऑफिसच्या इमारतीत अशीच लाइन फुटली होती आणि ती खणल्याशिवाय दुरुस्त झाली होती. चेंबरमधून कॅमेरा आत सोडतात, कुठे फुटलंय ते बघतात. मग राळेत भिजवलेली एक लांबलचक नळी, जाड कापडाची, हवेच्या दाबाने आत सोडतात. उलटा केलेला पायमोजा पायात चढवावा तशी ती आत उलगडत जाते, फुगते आणि जुन्या पाइपाला आतून चिकटते. मग गरम पाणी सोडलं की दगडासारखी कडक होते. पाइपाच्या आत पाइप, वर मातीला धक्का नाही. हे मी जसंच्या तसं सांगितलं, एक अक्षर वाढवलं नाही, आणि नेमका याच गोष्टीवर कुणाचा विश्वास बसेना. खेकड्यावर बसला होता.

शेवटी काम केलं ते पेव्हर ब्लॉकने. सेक्रेटरींनी सहा महिन्यांमागे सगळ्या आवारात लाल-करडे पेव्हर ब्लॉक बसवून घेतले होते आणि ते त्यांचं जन्मभराचं स्मारक होतं. ते उखडायचे नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. ठरलं. वर जाताना जिन्यात त्यांनी मला हळूच विचारलं, मावशी का मामला क्या है? मी म्हटलं, गुडघे. उन्हात बसलं की बरं वाटतं. ते म्हणाले, ठीक है, गुडघे.

मावशींना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांना आधी पटेना. मग कॅमेऱ्याचं कळलं तेव्हा त्यांचे डोळे असे लकाकले की मला वाटलं, सगळे दिवे बंद केले तरी मोरीत उजेड पडेल. त्यांना दुरुस्तीचं फारसं नव्हतंच. लाइन आतून दिसणार, कुठून कशी जाते ते टीव्हीवर दिसणार, याचं होतं. प्लंबरपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे त्यांना वेडी म्हातारी म्हणत होते.

"आता दिसंल सगल्याना," त्या म्हणाल्या. "माजा मानूस खोटा बोलनारा नव्हता."

काम ठरलं त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत संडास, मोरी, बेसिन, सगळं बंद ठेवायचं होतं. वसईपासून बोरिवलीपर्यंतच्या तमाम नातेवाइकांना त्या दिवशी आमच्या इमारतीच्या प्रेमाचा अनुभव आला. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ तर साडूशी दहा वर्षांचं भांडण मिटवून, मिठाई घेऊन त्याच्याकडे गेले आणि पोचल्या पोचल्या आतल्या दाराकडे वळले, असं ऐकतो.

कंपनीची व्हॅन आली. दोन माणसं, मागच्या बाजूला टीव्हीचा पडदा, आणि चाकांवरचा छोटा कॅमेरा, मुंगसाएवढा, पुढे दिवे लावलेला. आधी त्यांनी पाण्याचा जोराचा फवारा मारून लाइन धुतली. तोवर मावशी आवरून, केसात अबोलीचा गजरा माळून बाहेर आल्या. हातात ताट, ताटात हळद-कुंकू, नारळ, उदबत्ती. कॅमेरा गटारात उतरणार एवढ्यात त्यांनी हात आडवा धरला. खाडीकडच्या लोकांत होडी पाण्यात उतरवायची तर तिची पूजा करतात, मग ही कशी नाही करायची? व्हॅनमधला मुख्य माणूस उत्तरेकडचा, बोलका, "आई, लेन्स पे नहीं, लेन्स पे नहीं," करत राहिला आणि मावशींनी कॅमेऱ्याच्या पाठीवर हळदी-कुंकवाची बोटं उमटवली, चाकाजवळ नारळ फोडला, खोबरं सगळ्यांना वाटलं. सेक्रेटरींनीही डोळे मिटून खाल्लं. मी त्यांना सांगितलं नाही की सकाळी तेच ताट जवळ्याच्या टोपलीवर झाकण होतं.

मावशींनी प्लास्टिकची खुर्ची व्हॅनच्या मागे ओढली आणि पडद्यासमोर बसल्या. मी शेजारी उभा. त्या दिवशी विहिरीजवळचं लुगडं त्यांनी स्वतःच घडी करून आत नेलं होतं, यंत्रवाल्यांना मोकळं असावं म्हणून.

पडद्यावर गोल भुयार दिसायला लागलं. जुना चिनी मातीचा पाइप, तपकिरी, आतून चकचकीत. पहिल्या सांध्यापाशी एक चमचा, पुढे मुलांचा चेंडू, आणि एक कवळी होती असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय. तेवढं बाजूला ठेवा. मुख्य माणूस व्हॅनमध्ये बसून बटणं दाबत होता आणि त्याचा जोडीदार वर आवारात, कानाला आवाज ऐकायचं लावून, हातात एक दांडा घेऊन चालत होता. खाली कॅमेरा जिथे असेल तिथे वर दांडा वाजायचा, आणि तो खडूने खूण करायचा. गेटजवळ पहिली खूण. मग दुसरी. मावशी पडद्याकडे बघत होत्या. मी खुणांकडे बघत होतो.

खुणा भिंतीकडे वळल्या नाहीत.

तिसरी विहिरीच्या दिशेने. चौथी त्याहून जवळ. मी मनात म्हटलं, आता वळेल. बिचाऱ्या पाइपात एक कोन असेल, पुढे वळेल. पडद्यावर भुयार सरळच्या सरळ येत राहिलं. मग एक सांधा खचलेला दिसला, एक पाइप खाली बसलेला, मध्ये फट, फटीतून काळी माती आत आलेली. मुख्य माणसाने हाक मारली, "यही है. मार्क कर." वर जोडीदाराने वाकून फुली मारली.

फुली विहिरीच्या उगवतीकडे पडली. जिथे लुगडं अंथरायचं तिथे, मधोमध.

मावशींनी पडद्यावरून नजर काढली आणि मागे वळून बघितलं. मग खुर्चीवरूनच त्या माणसाला विचारलं, त्यांच्या हिंदीत.

"ये कितना खोल है रे?"

तो खुशीत होता, फॉल्ट सापडला होता. पडद्यावरचा आकडा बघून म्हणाला, बहुत है आई, आपके सिर के ऊपर तक खड्डा.

"डाला कैसा होगा तवा?"

त्याला कुणी असं कामाचं विचारलं की तो फुलायचा. त्याने हात पसरून सांगितलं. तेव्हा असली यंत्रं कुठली, सगळा चर उघडा खणायचा, एवढा रुंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि ही काळी खाडीची माती परत टाकत नाहीत, ती बसते. म्हणून मुरूम आणून भरतात. तो उत्साहाने समजावत होता. मी त्याच्या पायावर पाय दिला. त्याने पाय काढून घेतला आणि बोलत राहिला.

"मंग मट्टी?"

"मट्टी ट्रक में गई होगी, आई. कहीं भराव में."

मावशींनी मान हलवली. रेशनच्या रांगेत कुणी सांगावं की आज साखर संपली, आणि बाईने मान हलवावी, तशी.

मी बोलायला लागलो. असल्या वेळी माझं तोंड गप्प बसत नाही. म्हटलं, मावशी, यंत्राचं काही खरं नसतं. विहिरीत जुनं लोखंड आहे, पंप आहे, त्याकडे दांडा ओढला जातो. लाइन तिकडे भिंतीकडे असणार, दांडा इकडे वाजतोय. अंधेरीला तर असाच दांडा वाजला आणि खाली बघतात तर लाइन शेजारच्या इमारतीची. मी बोलत गेलो. एरवी माझ्या थापेला हातपाय असतात, शेपूट असते. ही जमिनीवर पडली ती पडलीच. मुख्य माणूस म्हणाला, नहीं नहीं, लोहे से कुछ नहीं होता. मावशींनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, आणि उठून आत गेल्या. खुर्ची व्हॅनमागेच राहिली.

दुपारी नळी आली, बर्फात ठेवलेली. राळेचा असा उग्र वास सुटला की त्यापुढे जवळा म्हणजे अत्तर. ती लाइनीत उलगडत गेली, फुगली, गरम पाण्याने तापली. संध्याकाळी पुन्हा कॅमेरा सोडला तर आत पांढरंशुभ्र गुळगुळीत भुयार, सांधा नाही, फट नाही, माती नाही. एकही पेव्हर ब्लॉक हलला नव्हता. सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या, लोकांनी वाजवल्या. वरच्या मजल्यांवरून एकाच वेळी इतके फ्लश ओढले गेले की मला वाटलं, खाडीला भरती आली. मावशींच्या मोरीत पाण्याचा थेंब उलटा आला नाही. त्यांचं दार बंद होतं.

बायको त्या रात्री त्यांच्याकडे जेवण घेऊन गेली. मावशी अंथरुणावर बसून होत्या, दिवा लावला नव्हता. रडत नव्हत्या. बायकोने ताट पुढे केलं तर त्यांनी दोन घास खाल्ले, तिच्या समाधानासाठी. मग एकदाच बोलल्या.

"त्याला ठाव होता का गो?"

बायकोने ताट उचललं. ती घरी येऊन मला विचारत राहिली. तो रोज संध्याकाळी येऊन सांगायचा ते खोटं होतं, की बिल्डरने त्याच्या पाठीमागे, तो जेवायला गेला असताना, चर खणून भरून टाकला आणि त्यालाही भिंतीकडचंच सांगितलं? मला मावशींचा नवरा आठवत होता. आम्ही राहायला आलो तेव्हा तो होता, उंच, वाकलेला, फारसा न बोलणारा. विहिरीजवळ पोरं क्रिकेट खेळायला लागली की तो काठी घेऊन उठायचा. बॉल तिथे गेला तर पोरांना जाऊ द्यायचा नाही, स्वतः जायचा, हळू, चपला बाजूला काढून, बॉल उचलायचा आणि परत चपला घालायचा. आम्ही हसायचो. म्हातारा विहिरीला देव मानतो म्हणायचो. आता मला कळेना की तो चपला कुणासाठी काढायचा. तिथे काही आहे असं त्याला वाटत होतं म्हणून, की काही नाही हे ठाऊक होतं आणि मावशी खिडकीतून बघत होत्या म्हणून. मी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, हे मावशींना सांगू नका. मग थोड्या वेळाने म्हणाली, की सांगा. आणि मग म्हणाली, नको.

मी सांगितलं नाही. चपलांची गोष्ट ही माझ्या सगळ्या गोष्टींत एकटी अशी आहे की जिच्यात मी काही घातलेलं नाही, आणि ती मी कुणाला सांगूही शकलो नाही. आज लिहितोय.

आठवड्याने सेक्रेटरींनी काम चांगलं झालं म्हणून पेढे वाटले. मावशींचे पेढे माझ्या हातात दिले. खाली जायचं ते जिवावर आलं होतं, पण गेलो. मावशी दारात बसून कोलंबी सोलत होत्या. त्यांची मोरी कोरडी ठणठणीत होती, फिनेलचा वास येत होता. त्यांनी ओल्या हाताने पेढ्याचा पुडा घेतला, बाजूला ठेवला आणि पुन्हा कोलंबी घेतली.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, कंपनीवाल्यांनी लिहून दिलंय, मावशी. आता पन्नास वर्षं त्या लाइनीला काही होत नाही. आपण सगळे वर जाऊ, आपली नातवंडं म्हातारी होतील, तरी तिथे फावडं लावायची वेळ येणार नाही.

त्यांनी एका कोलंबीचं डोकं मोडलं, पाठीतला काळा दोरा ओढून काढला आणि ती पातेल्यात टाकली.

"आता खनला तरी चालंल," त्या म्हणाल्या.